तिसऱ्या राउंडचं शेवटचं मिनिट

दर गुरुवारी संध्याकाळी ऑफिस सुटलं की काका दोह्याच्या बिन महमूद भागातल्या एका कार्गोच्या दुकानात जाऊन स्वतःचं वजन करून घेत. गावी पाठवायची खोकी तोलायला तिथं जमिनीलगत मोठा काटा होता. काका बूट काढत, किल्ल्या, मोबाईल, पाकीट माझ्या हातात देत, पोट आत ओढत आणि देवळाच्या पायरीवर पाय ठेवावा तसे काट्यावर चढत. दुकानातले मल्याळी गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचत आणि दर वेळी तेच विचारत, "साब, सी कार्गो या एअर कार्गो?"

"अभी रुको," काका म्हणत, "पॅकिंग बाकी है."

आकडा सदुसष्टच्या आत असला तर परतीच्या वाटेवर ते मला इथला दाट, वेलचीचा करक चहा पाजत. वर गेला तर दोघांनाही चहा बंद. तुमच्या वजनाचा माझ्या चहाशी काय संबंध, हे मी एकदा विचारून पाहिलं.

"कॉर्नरमधल्या माणसानं पण थोडं सोसायचं असतं," ते म्हणाले.

"पण काका, साठी उलटली तुमची. सदुसष्ट काय आणि सत्तर काय!"

"आणि उद्या कुणी बोलावलं तर? वजनात बसलो नाही म्हणून परत येऊ?"

त्यांना कोण कुठे बोलावणार होतं, देव जाणे. ते आमच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते आणि ड्रेनेजच्या कामावर माणसं खड्ड्यात पडू नयेत एवढंच त्यांना बघायचं होतं. मी नाशिकहून नुकतीच आलेली प्लॅनिंग इंजिनिअर. दोघंही ओल्ड एअरपोर्ट भागात राहायचो, म्हणून जाता-येता मी त्यांच्या गाडीत असे. ऑफिसात ते मला 'मॅडम' म्हणत. गाडीचं दार लागलं की 'पोरी'. उतरताना पाय जमिनीला लागला की पुन्हा 'मॅडम'.

मूळचे ते साताऱ्याकडचे. तरुणपणी एका कारखान्यात कामाला होते आणि कारखान्याच्या संघातून बॉक्सिंग खेळत. वेल्टरवेट, म्हणजे सदुसष्ट किलोपर्यंतचा गट. हा शब्द त्यांनी उच्चारला की समोरचा नुसती मान हलवी, आणि मान हलवली म्हणजे याला कळलेलं नाही हे काकांना बरोबर कळे.

"वेल्टर म्हणजे बॉक्सिंगमधला मध्यमवर्ग," ते सांगत. "वरच्या वजनातली माणसं एका ठोशात विषय संपवतात. खालची पळून पळून दमवतात. मधल्याला ना ती ताकद, ना ती चपळाई. त्यानं आपलं सोसायचं, आणि सोसता सोसता जमलं तर एखादी हाणायची."

त्यांच्या नाकाचा दांडा दोन ठिकाणी वळला होता, त्यामुळे ते समोर बघत असले तरी नाक कुठेतरी दुसरीकडे बघतंय असं वाटे. गाडी चालवताना दोन्ही कोपर छातीशी घट्ट. शेजारून एखादी लँडक्रूझर सुसाट गेली की त्यांचं डोकं आपोआप खाली जाई, बाजूला वळे आणि पुन्हा वर येई. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, मानेचं काहीतरी दुखणं असावं. मग एका राउंडअबाउटला पांढऱ्या पिकअपवाल्यानं आडवी गाडी घातली, तेव्हा काका पुटपुटले, "बघितलंस? उजवा खांदा आधी हलला त्याचा. मी ओळखलं होतं."

साइटवर त्यांनी उन्हाळ्यासाठी एक पितळी घंटा आणली होती, सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून, घासाघीस करून. काम सुरू असताना मध्येच ती वाजे आणि काका ओरडत, "राउंड खतम! अपना अपना कॉर्नर!" मग सगळे मजूर सावलीतल्या स्टुलांवर बसत, पाणी पीत, ओला रुमाल मानेवर टाकत. काका एकेकासमोर उभे राहून त्याचे डोळे तपासत. हेल्मेट न घातलेला कुणी दिसला की त्याच्या नाकासमोर बोट नाचवत, "हेल्मेट मतलब गार्ड. गार्ड नीचे, आदमी खलास." त्यांच्या साइटवर उन्हानं कुणी कोसळला नाही, म्हणून घंटेबद्दल वरचे लोक कुरकुर करत पण बोलत नसत.

बोलला तो आमचा प्रोजेक्ट मॅनेजर. ब्रिटिश माणूस, रागीट, उन्हानं कायम लालबुंद. काम मागं पडलं म्हणून भर मीटिंगमध्ये तो काकांवर असा काही घसरला की आम्ही सगळे लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसलो. काका उभे राहिले. त्याच्याकडे एकटक बघत राहिले. ओठ तेवढे हलत होते. मॅनेजर गोंधळला. मग काका शांतपणे म्हणाले, "यस सर. यू वेअर सेइंग?" तो काय म्हणत होता हे त्याला स्वतःलाच आठवेना.

गाडीत मी विचारलं, "काय पुटपुटत होतात?"

"आठ मोजले. जोरात लागली की रेफरी आठ मोजतो, तेवढ्यात माणूस भानावर यायचा असतो. सगळीकडं रेफरी कुठून आणणार? आपले आपणच मोजायचे."

दोन-तीन महिन्यांनी क्लायंटनं त्याच खोलीत मॅनेजरला फैलावर घेतलं, तेव्हा मॅनेजरचेही ओठ हलताना मी या डोळ्यांनी पाहिले.

काकांकडे सांगण्यासारखं खरं तर एकच होतं. त्यांची मॅच. ऐकणारा कोण, वेळ कुठली, याचं त्यांना काही नसे. बँकेच्या रांगेत, लिफ्टमध्ये, केस कापून घेताना न्हाव्याच्या हातात वस्तरा असताना, कुठेही ती सुरू होई. काकी साताऱ्यात असत. एकदा तीन महिन्यांसाठी दोह्याला आल्या आणि निम्म्यातच परत निघाल्या. मला म्हणाल्या, "सगळं आहे गं इथं. एसी आहे, टीव्ही मोठा आहे. पण खोली एकच. मॅच सुरू झाली की जायचं कुठं?"

ती मॅच अशी. काकांच्याच कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये टेबलं सरकवून रिंग उभारली होती. कामगारांच्या स्पर्धेची अंतिम फेरी. समोर बंदरावर काम करणाऱ्यांच्या संघातला एक परकार नावाचा रत्नागिरीचा मुलगा. जो जिंकेल त्याला कारखान्यात कायमची नोकरी, असं साहेबांनी कबूल केलेलं. कॅन्टीन खच्चून भरलं होतं. आणि पहिला राउंड संपता संपता शेजारच्या मैदानात ऑर्केस्ट्रा सुरू झाला.

"गाणारी बाई मुंबईची होती," काका सांगत. मॅच रंगात आली की त्यांची बोली सुटून साताऱ्याला जाई. "पयलं गाणं सुरू झालं आन् मागली रांग उठली. दुसऱ्या गाण्याला निम्मं कॅन्टीन मोकळं. माझा कोच. वस्ताद माणूस! मला पाणी पाजलं, तोंड पुसलं, 'आलोच' म्हणाला आन् गेला. त्यो आजून यायचाय!"

उरले कोण? रेफरी, गुण देणारे तीन पंच, घंटा वाजवणारा, खुर्च्या आवरायला थांबलेला कॅन्टीनचा माणूस, आणि झोपलेला वॉचमन. एवढ्या लोकांसमोर, पलीकडून येणाऱ्या गाण्याच्या ठेक्यावर, ती दोन पोरं एकमेकांना मारत राहिली. काकांच्या म्हणण्याप्रमाणे तशी झुंज त्या वजनात पुन्हा झाली नाही. परकार पुढे यायचा, काका त्याला अडवायचे. परकारच्या भुवईतून रक्त, काकांच्या नाकातून. कुणी मागं हटेना, कुणी पडेना. पंच लिहायचं विसरून बघत बसलेले.

"आन् तिसऱ्या राउंडला त्यानं उजवा टाकला." इथं काका स्वतःच्या हनुवटीवर मूठ आणून थांबवत. "दिवाच गेला. रेफरी मोजाय लागला. तीनपर्यंत ऐकू आलं. फुडचं कुणी मोजलं, म्हायती न्हाई." मग हात खाली सोडून, अगदी साध्या आवाजात, "हरलो."

ऐकणारा हळहळे. काका त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "पण काय मारली होती पोरानं!" आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान असे, जसा परकार त्यांचाच मुलगा.

त्या वर्षी इथल्या मराठी कुटुंबांच्या स्नेहसंमेलनात काकांनी ही मॅच स्टेजवर करून दाखवली. एका शाळेचा हॉल. छोट्या मुलींची लावणी आणि नऊवारीतला फॅशन शो यांच्यामध्ये त्यांना दहा मिनिटं मिळाली होती. ती त्यांनी पहिल्या राउंडमध्येच संपवली. काका, परकार, रेफरी, सगळे ते स्वतःच. दुसऱ्या राउंडमधला लेफ्ट हुक सूत्रसंचालिका बाईंच्या माइक-स्टँडला लागला आणि स्टँड आडवं झालं. काका तत्काळ रेफरी झाले आणि त्यांनी वाकून स्टँडला आकडे मोजले. स्टँड उठलं नाही. हॉल हसून नुसता कोसळला. फॅशन शोच्या बायका विंगेत नऊवारी सावरत ताटकळत होत्या, त्यांचे चेहरे वेगळंच सांगत होते.

मी ते सगळं मोबाईलवर घेतलं आणि ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठल्या कुठे गेलं.

थोड्या दिवसांनी मला एका अनोळखी बाईंचा फोन आला. तस्नीम. बिन महमूदला राहणारी, फार्मसिस्ट, माहेर रत्नागिरी. "व्हिडिओतले ते काका तुमच्या ओळखीचे आहेत ना? मी अब्बांना पाठवला होता गंमत म्हणून. त्यांचा व्हॉइस मेसेज आलाय. तुम्हीच ऐकवा बाई त्यांना, माझी काही हिंमत नाही."

मी तो गाडीत लावला. म्हातारा, खणखणीत आवाज होता. मागं कोंबडा आरवत होता. "तस्नीम, त्या गृहस्थाला सांग, परकार अजून जिवंत आहे. आणि म्हणावं, सगळ्या लोकांसमोर खोटं बोलतोस? लाज नाही वाटत?"

काका राउंडअबाउटमध्ये होते. बाहेर पडायचं सोडून त्यांनी एक फेरा मारला, मग आणखी एक. मागचे हॉर्न वाजवत होते.

"परत लाव."

मी परत लावला. परत लाव, परत लाव. शेवटी मी म्हटलं, "काका, आपल्याला वळायचंय."

त्यांनी पेट्रोल पंपावर गाडी बाजूला घेतली. हात स्टिअरिंगवर, कोपर सैल सुटलेले. तसे सैल मी कधी पाहिले नव्हते.

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "पोरी, मी एक सांगत नाही कधी. रेफरीनं शेवटी हात माझा वर केला होता."

"म्हणजे? तुम्ही जिंकला होतात?"

"हात वर केला म्हणून कुणी जिंकतं काय? कारखाना आमचा, पंच आमचे, कॅन्टीन आमचं. मी भानावर आलो तर माझा हात वर. ठोसा खाऊन मी आडवा व्हायला पाहिजे होतो. म्हणजे ह्या पोरानंच दया केली, मारायचा थांबला, आणि पंचांनी घरच्या माणसाला देऊन टाकली. नोकरी मला लागली. लग्न झालं, घर झालं, सगळं त्या नोकरीवर. त्याचं होतं ते." मग म्हणाले, "म्हणून मी सगळ्यांना खरं सांगतो, हरलो. पण त्याला जाऊन कधी सांगितलं नाही."

हिवाळ्यात परकार व्हिजिट व्हिसावर लेकीकडे आले. तस्नीमनं शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. आपल्याला हरवणाऱ्या माणसाकडे जाताना काय न्यायचं, याचा विचार करत काका सूक वाकिफमध्ये तासभर फिरले आणि अत्तराची बाटली घेतली. मग गाडीत तीच उघडून थोडं स्वतःलाही लावलं. मला सोबत यावंच लागलं. "माझ्या कॉर्नरला कुणीतरी पाहिजे," ते म्हणाले.

दार परकारांनीच उघडलं. काटक, पांढरी दाढी, डाव्या भुवईत पांढरी रेघ. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. काकांनी वाकून नमस्कार करायला सुरुवात केली, तोच परकार कडाडले, "मेल्या, हरलो म्हणून सांगत फिरतोस?"

काका अर्धवट वाकलेलेच राहिले.

"अब्बा, आत तरी येऊ द्या त्यांना," तस्नीम म्हणाली.

आत बसल्यावर भांडण नीट सुरू झालं. अशा भांडणाला माझ्या ऐकण्यात तोड नाही. दोघंही आपण हरलो म्हणून हट्टाला पेटले होते.

"तू जिंकलास," काका म्हणाले. "माझ्यावर दया केलीस. नोकरी तुझी होती, मी खाल्ली."

"मी जिंकलो? अरे, सगळी हयात मी पोरांना सांगितलं, बाप हरला पण रडला नाही! ही तस्नीम नापास झाली तेव्हा मी हीच गोष्ट सांगून तिला उभी केली!"

"मी कधी नापास झाले अब्बा? दोन मार्कांनी नंबर हुकला होता."

"तेच ते. आता हा येऊन सांगतो मी जिंकलो! म्हणजे मी काय पोरांना खोटं शिकवलं? मी त्या दिवसापासून बिडी सोडली, ती काय जिंकलो म्हणून?"

"पण नोकरी..."

"कसली नोकरी? चालू आहे तुझा कारखाना?"

"न्हाई. बंद पडला."

"मग! मी कुवेतला क्रेन चालवली. घर बांधलं, दोन पोरी शिकवल्या. तू मला वाचवलंस रे! आणि दया कुणी केली? मी? माझं तेव्हा वीस वर्षांचं वय होतं, दया म्हणजे काय ते ठाऊक होतं का?"

काका पुढे सरकून बसले. "पण तुझा उजवा मला बसला होता. दिवा गेला माझा."

"बसला. कोण नाही म्हणतो? रेफरीनं आठ मोजले, तू उभाच. मला वाटलं, झालं काम. पुढे गेलो. आणि तू तिथं नव्हतास."

"कुठं होतो?"

"माझ्या डाव्या अंगाला."

"मी त्या बाजूला कधी जात न्हाई."

"त्या दिवशी गेलास. मी मारला, हवेत. पुन्हा मारला, पुन्हा हवेत. पूर्ण मिनिटभर तू मला हात लावू दिला नाहीस. इथं येतोस, बरगडीत मारतोस, निघून जातोस. आणि..." परकार काकांच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाले, "हसत होतास."

"मी?"

"अल्लाशप्पथ. वाईट हसू नव्हतं. पोर कसं झोपेत हसतं, तसं."

सातवीतली नात दारात उभी होती, ती हळूच म्हणाली, "ममा, इज ही ओके?" कारण काकांनी आठ मोजायला सुरुवात केली होती आणि आठाच्या पुढेही ते मोजतच राहिले होते.

शेवटी ते म्हणाले, "दाखव."

"काय?"

"मी काय केलं ते. दाखव मला. मी पाहिलं न्हाई."

परकार बाह्या वर करत उठले. तस्नीमनं डोक्याला हात लावला. "अब्बा, तुमचा गुडघा! आणि ते शोकेस काचेचं आहे!" काका मात्र एकदम सेफ्टी ऑफिसर झाले. टीपॉय भिंतीला लावला. गालिचाची दुमडलेली कड पायानं सरळ केली. टेबल-लॅम्पचा प्लग काढला. "बाहेर जायची वाट मोकळी आहे? फर्स्ट एड?"

"मी फार्मसिस्ट आहे काका," तस्नीम हताशपणे म्हणाली.

"चालेल."

मग दोघं समोरासमोर उभे राहिले. परकार झाले काका, आणि काकांना व्हावं लागलं परकार. इतकी वर्षं ते परकार होत आले होते, पण उजवा ठोसा बसेपर्यंतच. पुढचं त्यांना येत नव्हतं.

"मार," परकार म्हणाले. "उजवा."

काकांनी हळूच हात टाकला. म्हातारा तिथं नव्हता. वाकून, सरकून तो त्यांच्या डाव्या अंगाला उभा होता आणि त्याची मूठ काकांच्या बरगडीला टेकली होती. काका वळले, पुन्हा हात टाकला. पुन्हा तेच, आणि या वेळी डावी मूठ हनुवटीपासून बोटभर अंतरावर थांबली. गुडघा दुखत असणार, पण त्या पावलांत एक लय होती. ते सगळं इतकं सुंदर होतं की मी शोकेस विसरले. तस्नीमही विसरली असावी, कारण नात मोबाईल काढायला लागली तशी तिनं नुसत्या हातानंच तिला 'थांब' म्हटलं.

काका मागं सरकत सरकत सोफ्याला लागले आणि बसले.

"हे मी केलं?"

"हेच."

"कुणी शिकवलं मला?"

"मला काय ठाऊक!" परकार धापा टाकत हसले. "मला तू शिकवलंस. त्या रात्रीपासून आरशासमोर करतोय. आत्ता कुठे बरं यायला लागलंय."

"परत दाखव."

बिर्याणी गार झाली. दोनदा गरम केली. शेवटी जेवायला बसल्यावर परकारांनी बोट रोखून विचारलं, "आता सांग. कोण जिंकलं?"

काकांनी घास तसाच हातात ठेवला. "मला काय विचारतोस? मी तिथं नव्हतो. तू होतास. तू म्हणशील ते."

परकार समाधानानं म्हणाले, "मग मी हरलो," आणि त्यांनी सगळ्यात मोठा मटणाचा तुकडा काकांच्या ताटात वाढला.

परतताना आमचं वळण मागं गेलं, तरी काका सरळच निघाले होते. "मला वाटत होतं, माझ्या वाट्याला दिवा गेलेलाच आला," ते मग म्हणाले. "आणि ह्याच्याकडं तो जळत होता की गं." नाक शिंकरलं. दोन ठिकाणी वळलेल्या नाकातून तो आवाज फार विचित्र आला आणि आम्ही दोघंही हसायला लागलो.

त्यानंतर प्रत्येक शुक्रवारी काका बिन महमूदला. तस्नीम ते यायच्या आधीच टीपॉय हलवून ठेवी. दोघं आधी भांडत, मग उभे राहत. काकांना स्वतःला ते पाऊल शिकायचंच नव्हतं. परकारांनी दोनदा प्रयत्न केला. "नको," काका म्हणाले, "मी केलं की मला दिसत न्हाई." लोकांना मॅच सांगणंही त्यांनी त्या दिवसांत जवळजवळ बंद केलं होतं. न्हाव्यानं एकदा आपण होऊन विचारलं, तर म्हणाले, "शेवट बदललाय. पाहुणे आहेत तोवर नीट बघून घेतो, मग सांगतो."

परकारांचा व्हिसा संपला. दुपारचं विमान होतं. आम्ही सगळे विमानतळावर सोडायला गेलो. ट्रॉलीवर दोन खोकी, वर खजुराची पिशवी. परकारांनी लेकीला जवळ घेतलं, नातीच्या डोक्यावर हात ठेवला, मला दुवा दिली. काकांशी नुसता हात मिळवला. दोघंही दुसरीकडेच बघत होते. परकार ट्रॉली ढकलत आत निघाले, तशी काकांनी हाक मारली.

"परकार. एकदाच."

"इथं?"

"शेवटचं मिनिट फक्त."

परकारांनी लेकीकडे पाहिलं. तिनं ट्रॉली धरली. त्या चकचकीत फरशीवर, ये-जा करणाऱ्या माणसांच्या मधोमध, काकांनी उजवा हात टाकला आणि परकार वाकून त्यांच्या डावीकडे गेले. बॅगा ओढणारी माणसं वळसा घालून जाऊ लागली. एक-दोन थांबली. मग चार-पाच. एका लहान पोरानं टाळ्याच वाजवल्या.

सिक्युरिटीचा गार्ड धावत आला. तरुण, उंच, आफ्रिकन मुलगा. तो दोघांच्या मध्ये शिरला. "सर! नो फायटिंग हिअर, सर!"

"नो फायटिंग," काका म्हणाले. घाम आला होता, डोळे चमकत होते. त्यांनी परकारांकडे बोट केलं. "ही इज ओन्ली शोइंग."

"शोइंग व्हॉट, सर?"

काकांनी परकारांकडे पाहिलं. ते अजून त्याच पवित्र्यात उभे होते, डावी मूठ वर, पांढऱ्या दाढीत हसत.

"मी," काका म्हणाले.